लिनक्समधले कॅपिटल-स्मॉल: फाइल आणि फोल्डरची नावे बिनचूक कशी ठेवायची

कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्यांचे फोटो लावलेली वेबसाइट धरमपेठेतल्या ऑफिसात, विंडोजच्या लॅपटॉपवर, अगदी नीट उघडते. तीच लिनक्स सर्व्हरवर चढवली की निम्मे फोटो गायब होतात. सर्व्हरवर पाहावे तर फोटो तिथेच आहेत, नाव तेच आहे, परवानग्याही बरोबर आहेत. फरक एवढाच असतो की फोल्डरचे नाव कॅपिटल पी ने सुरू होते आणि वेबपेजच्या कोडमध्ये ते स्मॉल पी ने लिहिले आहे. विंडोज ही चूक पोटात घालते, लिनक्स घालत नाही. नव्याने लिनक्सवर आलेल्यांचा जितका वेळ या एका गोष्टीत जातो, तितका दुसऱ्या कशात क्वचितच जातो. आणि दुरुस्ती करताना घाई केली तर फाइल कायमची जाऊही शकते, म्हणून क्रमाने जाऊ.

वाचण्याआधी एक खूण लक्षात ठेवा. इथल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत, नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने आणि सगळ्या स्मॉलमध्ये टाइप करायच्या. जिथे कॅपिटल लागते तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. आकडेही टर्मिनलमध्ये इंग्रजीच.

लिनक्सला नेमके काय दिसते

आपल्याला 'नागपूर' हा शब्द दिसतो, लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, मात्र बाइटची, म्हणजे क्रमांकांची, एक ओळ दिसते. रोमन लिपीत कॅपिटल एन चा क्रमांक ७८ आणि स्मॉल एन चा ११०. इतर अक्षरांतही हाच ३२ चा फरक: कॅपिटल ए ६५, स्मॉल ए ९७. एक्स्ट४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धती, नाव शोधताना हे बाइट जसेच्या तसे ताडून पाहतात. ७८ म्हणजे ११० नव्हे, की नाव वेगळे. रोमन लिपीत नागपूरची अक्षरे सहा, आणि प्रत्येक अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येते. म्हणजे एकाच जागी ६४ वेगवेगळी 'नागपूर' फोल्डरे सुखाने नांदू शकतात आणि लिनक्सला त्यात काहीही वावगे वाटत नाही.

विंडोजची फाइलसिस्टिम एनटीएफएस नाव जसे दिले तसेच साठवते, कॅपिटल राखून. पण शोधताना मात्र दोन्ही रूपे एकच धरते. पेन ड्राइव्हवरच्या फॅट३२ आणि एक्सफॅटचेही तेच. मॅकवरही नेहमीच्या मांडणीत हेच वागणे आहे. म्हणून तिकडे चूक कळतच नाही आणि सर्व्हरवर आल्यावर उघडी पडते.

लिनक्सने असे का ठेवले? बाइट ताडणे सोपे, जलद आणि नि:संदिग्ध असते. कोणते कॅपिटल कोणत्या स्मॉलची जोडी हे भाषेगणिक बदलते. तुर्की भाषेत बिंदूचा आय आणि बिनबिंदूचा आय ही दोन वेगळी अक्षरे आहेत आणि दोघांची कॅपिटलेही वेगळी. हा निवाडा कर्नलने करत बसू नये, ही भूमिका पटण्यासारखी आहे.

म्हणून आमचे मत ठाम आहे: लिनक्सला विंडोजसारखे वागायला लावण्यापेक्षा आपली नावे सगळी स्मॉल करून टाकावीत. पुढची सगळी पावले याच दिशेने जातात.

फाइल सापडत नाही तेव्हा

आधी नाव टाइप करणे बंद करा. दोन-तीन अक्षरे लिहून टॅब दाबा, उरलेले बॅश, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, पूर्ण करते. टॅब दोनदा दाबूनही काहीच येत नसेल तर लिहिलेल्या अक्षरांतच, बहुधा पहिल्याच, चूक आहे असे समजा. टॅबने कॅपिटल-स्मॉल एकच धरावे असे हवे असेल तर आपल्या होम फोल्डरमध्ये .इनपुटआरसी नावाची फाइल करून तिच्यात या दोन ओळी टाका:

$इन्क्लूड /ईटीसी/इनपुटआरसी
सेट कम्प्लीशन-इग्नोर-केस ऑन

पहिली ओळ गाळू नका. होममध्ये स्वतःची फाइल आली की बॅश सिस्टिमची मूळ फाइल वाचत नाही, आणि मग लिनक्सच्या काही वितरणांत (उबुंटू, फेडोरा अशा रूपांत) होम, एंड, डिलीट या कळा विचित्र वागू लागतात. नवे टर्मिनल उघडले की बदल लागू होतो. ही सोय फक्त टाइप करण्यापुरती आहे. फाइलची नावे तशीच राहतात.

शोधण्यासाठी फाइंडमध्ये -नेम ऐवजी -आयनेम वापरा. त्यातला आय म्हणजे 'कॅपिटल-स्मॉल पाहू नको'. इथे नागपूरकरांना आणखी एक अडचण येते: आपल्या जागांची इंग्रजी स्पेलिंगेच दोन-दोन आहेत. फुटाळा कुणी एफ ने लिहितो, कुणी पीएच ने. बर्डीचेही तसेच. म्हणून शोधताना पूर्ण नाव न देता दोन्हीत सारखा असलेला तुकडा द्या. फुटाळ्यासाठी तो यू-टी-ए-एल-ए हा आहे:

फाइंड . -आयनेम '*यूटीएएलए*'

अवतरणचिन्हे लावलीच पाहिजेत. नाही लावली तर तारांकनाचा अर्थ फाइंडच्या आधी बॅशच लावून मोकळे होते आणि निकाल भलताच येतो. पूर्ण डिस्कवर शोधायचे असेल तर लोकेट -आय जलद पडते. पण ते आधी बनवून ठेवलेल्या यादीत शोधते. आत्ता केलेली फाइल हवी असेल तर आधी सुडो अपडेटडीबी चालवा (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने).

फोल्डरमध्ये कॅपिटल नावे कोणती हे एका नजरेत पाहायचे असेल तर हे करा:

एलसी_ऑल=सी एलएस

इथे एलसी_ऑल आणि बरोबरच्या चिन्हानंतरचा सी, दोन्ही कॅपिटल. एरवी एलएस शब्दकोशासारखी सरमिसळ यादी देते. या रूपात ती बाइटच्या क्रमाने लावते, म्हणजे कॅपिटलने सुरू होणारी सगळी नावे वर, स्मॉलची खाली. मोठ्या फोल्डरमध्ये जुळी नावे हेरायला याचा चांगला उपयोग होतो.

आणि जेपीजी. बऱ्याच कॅमेऱ्यांतून येणाऱ्या फाइलचे शेपूट कॅपिटल जेपीजी असते, फोनवरून येणाऱ्यांचे बहुधा स्मॉल. इतवारीतल्या एखाद्या स्टुडिओत दोन्हीकडचे फोटो एका फोल्डरमध्ये आले आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये '*.जेपीजी' एवढेच स्मॉलमध्ये लिहिले असेल, तर कॅमेऱ्यातला एकही फोटो कॉपी होत नाही. स्क्रिप्ट कुठलीही चूक दाखवत नाही, कारण तिच्या दृष्टीने तिने सांगितलेले काम पूर्ण केले. ज्या दिवशी बॅकअप लागतो त्या दिवशीच हे कळते, आणि तेव्हा हाती काही उरलेले नसते. अशा स्क्रिप्टमध्ये -आयनेम वापरा आणि नंतर दोन्ही बाजूंच्या फाइलची संख्या ताडून पाहा:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.जेपीजी' | डब्ल्यूसी -एल

बॅशमध्ये शॉप्ट -एस नोकेसग्लॉब ही आज्ञा दिली की तारांकनही कॅपिटल-स्मॉल पाहत नाही. ती कायमची चालू ठेवू नये. त्या अवस्थेत आरएम *.जेपीजी म्हटले तर कॅपिटल शेपटाच्या फाइलही जातात. काम झाले की शॉप्ट -यू नोकेसग्लॉब करून बंद करा.

आज्ञांचे पर्यायसुद्धा

हा नियम फाइलपुरता नाही. सीएचमॉडला सगळ्या आतल्या फोल्डरांसह परवानगी बदलायची असेल तर कॅपिटल आर लागतो. तिथे -आर स्मॉल दिला तर त्याचा अर्थ 'वाचण्याची परवानगी काढून घे' असा होतो, आणि फोल्डर आपल्यालाच उघडेनासा होतो. एलएसमध्ये कॅपिटल आर आतली सगळी फोल्डरे दाखवतो, स्मॉल आर यादी उलटी करतो. एसएसएचला पोर्ट सांगताना स्मॉल पी, एससीपीला कॅपिटल पी. फोनवरून कुणाला आज्ञा सांगत असाल तर प्रत्येक वेळी 'कॅपिटल' हा शब्द मुद्दाम उच्चारा.

नावे बदलण्याआधी

आता मुख्य काम. सगळी नावे स्मॉल करायची, हे ठरले. पण नाव बदलणारी एमव्ही ही आज्ञा थेट चालवू नका. समजा एकाच फोल्डरमध्ये कॅपिटल एन चे नागपूर.जेपीजी आणि स्मॉल एन चे नागपूर.जेपीजी अशा दोन फाइल आहेत, आणि आत वेगवेगळे फोटो आहेत. पहिलीचे नाव बदलून दुसरीसारखे केले की दुसरी पुसली जाते. एमव्ही न विचारता, न सांगता हे करते, आणि अशी फाइल कचरापेटीतही जात नाही.

पहिले पाऊल, पूर्ण प्रत काढा:

सीपी -ए साइट साइट-जुनी

-ए मुळे तारखा आणि परवानग्या टिकतात. ही प्रत लिनक्सच्याच डिस्कवर ठेवा. फॅट३२ च्या पेन ड्राइव्हवर ठेवली तर जुळ्या नावांची तिथेच गफलत होईल आणि प्रत काढण्याचा हेतूच बुडेल.

दुसरे पाऊल, जुळी नावे शोधा. साइट फोल्डरच्या आत जाऊन:

फाइंड . | टीआर '[:अपर:]' '[:लोअर:]' | सॉर्ट | युनिक -डी

शेवटच्या आज्ञेचे स्पेलिंग यू-एन-आय-क्यू असे चारच अक्षरांचे आहे. ही ओळ सगळ्या फाइल-फोल्डरांची नावे स्मॉल करून पाहते आणि जी दोनदा आली तेवढीच दाखवते. डिस्कवर काहीही बदलत नाही. उत्तर कोरे आले तर तुम्ही निर्धास्त पुढे जाऊ शकता. नावे आली तर त्या जोड्या प्रत्यक्ष पाहा:

फाइंड . -आयपाथ './फोटोज/नागपूर.जेपीजी'

दोन्ही खऱ्या फाइल समोर येतील. त्या आतून एकच आहेत का हे सीएमपी या आज्ञेने कळते: दोन्ही नावे द्या, काहीच छापून आले नाही तर बाइटनबाइट सारख्या आहेत, एक काढून टाका. फरक असेल तर एकीला वेगळे, अर्थपूर्ण नाव द्या. फोल्डरांची जोडी असेल तर डिफ -आरक्यू वापरा. कोणती फाइल फक्त इकडे, कोणती फक्त तिकडे आणि कोणती दोन्हीकडे पण वेगळी, ही यादी मिळते. वेबसाइटच्या फोल्डरांत अशी जोडी फार वेळा सापडते: एकाने कॅपिटल पी च्या फोटोज फोल्डरमध्ये फोटो टाकले, दुसऱ्याने स्मॉलमध्ये.

तिसरे पाऊल म्हणजे काय बदलायचे नाही ते ठरवणे. काही नावांतले कॅपिटल मुद्दाम ठेवलेले असते. डॉकरफाइल कॅपिटल डी ने सुरू होते. जावाच्या पब्लिक क्लासचे नाव आणि फाइलचे नाव अक्षर न् अक्षर जुळावे लागते. मेक ही आज्ञा मात्र कॅपिटल एम ची मेकफाइल आणि स्मॉल एम ची, दोन्ही ओळखते, पण दोन्ही असतील तर स्मॉलची आधी घेते. ईटीसी फोल्डरच्या आत नेटवर्कमॅनेजर, एक्स११ अशी कॅपिटलची फोल्डरे आहेत, त्यांना कधीही हात लावू नका. होममधल्या डेस्कटॉप, डाउनलोड्स वगैरे फोल्डरांची नावे बदलायचीच असतील तर .कॉन्फिग मधल्या यूझर-डर्स.डर्स या फाइलमध्येही तोच बदल करा, नाहीतर डेस्कटॉप रिकामा दिसू लागतो.

प्रत्यक्ष बदल

एखाद-दुसरी फाइल असेल तर एमव्ही -एन पुरे. -एन म्हणजे त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहू नको. -आय दिला तर विचारून लिहिते.

पूर्ण झाड, म्हणजे फोल्डर आतल्या सगळ्या फाइल-फोल्डरांसह, बदलायचे तर रीनेम ही आज्ञा सोयीची. उबुंटू आणि डेबियनवर सुडो ॲप्ट इन्स्टॉल रीनेम असे करून ती घ्या. फेडोरावर याच नावाची आज्ञा आहे, पण ती वेगळी आणि वेगळ्या पद्धतीने चालणारी. तिथे हवी असलेली पर्लवाली आज्ञा पीरीनेम या नावाने मिळते, पी-आर-ई-एन-ए-एम-ई. आधी कोरडी तालीम:

फाइंड . -डेप्थ -मिनडेप्थ १ -एक्झेकडिर रीनेम -एन 'वाय/कॅपिटल ए-कॅपिटल झेड/ए-झेड/' {} \;

वाय नंतरच्या दोन तिरक्या रेघांमध्ये कॅपिटल ए पासून कॅपिटल झेड, पुढच्या दोन रेघांमध्ये स्मॉल ए पासून स्मॉल झेड, मध्ये आडवी रेघ. 'कॅपिटल' हा शब्द टाइप करायचा नाही. -एन मुळे काय बदलेल ते नुसते दिसते. ही यादी सावकाश वाचा, वगळायच्या फाइल दिसल्या तर त्या फोल्डरवर ही आज्ञा चालवू नका. सगळे ठीक वाटले की -एन च्या जागी -व्ही घालून तीच ओळ पुन्हा चालवा.

यातले -डेप्थ महत्त्वाचे आहे. ते आधी आतल्या फाइल बदलते, मग फोल्डर. ते नसेल तर आधी वरच्या फोल्डरचे नाव बदलते, आणि फाइंड जुन्या नावाने आत जाऊ पाहते तेव्हा तसे फोल्डरच नसते. -एक्झेकडिर मुळे रीनेमला पूर्ण वाट न मिळता त्या-त्या फोल्डरमधले नावच मिळते. साधे -एक्झेक दिले तर वाटेतल्या वरच्या फोल्डरांची नावेही बदलायला जाते आणि चूक येते. ही रीनेम आधीच असलेल्या फाइलवर लिहीत नाही, तशी सूचना देऊन ती फाइल सोडून देते. -एफ दिला तर हे संरक्षण जाते, म्हणून तो देऊ नका.

फक्त शेपटे बदलायची असतील तर त्या फोल्डरमध्ये जाऊन:

रीनेम -एन 'एस/\.कॅपिटल जेपीजी$/.जेपीजी/' *.कॅपिटल जेपीजी

डॉलरचे चिन्ह म्हणजे 'नावाच्या शेवटी'. ते गाळले तर नावाच्या मध्ये तसाच तुकडा आधी आला असेल तर तोच बदलतो.

पेन ड्राइव्हवर किंवा मॅकवर नुसते कॅपिटल-स्मॉल बदलताना कधी कधी 'दोन्ही एकच फाइल आहे' असा निरोप येतो, कारण त्या फाइलसिस्टिमला फरकच दिसत नाही. तिथे दोन उड्या घ्या: आधी नागपूर-तात्पुरते असे काहीतरी नाव द्या, मग हवे ते.

वेबसाइट असेल तर

फाइलची नावे बदलली म्हणजे अर्धे काम झाले. कोडमधले उल्लेखही बदलायला हवेत. कॅपिटल पी चे फोटोज कुठे-कुठे लिहिले आहे ते ग्रेप -आरएन ने शोधा, प्रत्येक ओळ वाचा आणि मगच बदला. डोळे झाकून सगळीकडे बदल केला तर पानावर दिसणारा मजकूरही स्मॉल होतो. सर्व्हरवर काय सापडत नाही हे लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, सांगतो; न सापडलेल्याचा क्रमांक ४०४. उबुंटूवर अपाचे हा वेब सर्व्हर असेल तर:

सुडो ग्रेप ' ४०४ ' /व्हीएआर/लॉग/अपाचे२/ॲक्सेस.लॉग

एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर असेल तर त्याच नावाच्या फोल्डरमध्ये ॲक्सेस.लॉग असतो. ४०४ च्या ओळींत ब्राउझरने मागितलेले नाव जसेच्या तसे दिसते, त्यातले कॅपिटल डोळ्यांत भरते. तपासताना ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, नाहीतर साठवलेला जुना फोटो दिसतो आणि चूक सुटली असे वाटते. वेब पत्त्यात डोमेनच्या नावाला कॅपिटल-स्मॉल चालते, डोमेननंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपुढच्या भागाला नाही. जुने पत्ते व्हॉट्सॲपवर फिरत असतील तर अपाचेच्या मांडणीत रीडायरेक्ट ३०१ ची ओळ घालून जुन्या नावावरून नव्यावर पाठवा. अपाचेचे मॉड_स्पेलिंग हे मॉड्यूल, ज्याच्या नावात एकच एल आहे, अशी चूक स्वतः सावरून घेते. पण ती कुबडी आहे. सर्व्हर बदलला की जुने दुखणे परत येते.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट वापरणाऱ्यांनी नाव नेहमी गिट एमव्ही ने बदलावे. विंडोज आणि मॅकवर गिट स्वतःच कोअर.इग्नोरकेस हे ट्रू करून ठेवते. त्यामुळे एक्सप्लोररमधून नुसते कॅपिटल बदलले तर गिटला बदल दिसतच नाही, कमिट, म्हणजे बदलाची नोंद, होत नाही आणि सर्व्हरवर जुनेच नाव जाते. फोल्डरसाठी पुन्हा दोन उड्या:

गिट एमव्ही कॅपिटल-फोटोज तात्पुरते
गिट एमव्ही तात्पुरते स्मॉल-फोटोज

मग कमिट. काही ठिकाणी ते इग्नोरकेस फॉल्स करण्याचा सल्ला मिळतो. विंडोजवर तो घेऊ नका. डिस्कला फरक दिसत नसताना गिटला फरक पाहायला लावले की रिपॉझिटरीत एकाच फाइलच्या दोन नोंदी होतात. ती गाठ सोडवायला मूळ चुकीपेक्षा जास्त वेळ लागतो.

डेटाबेसही यातून सुटत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबलाचे नाव विंडोजवर स्मॉल करून ठेवले जाते आणि लिनक्सवर जसे लिहिले तसे, कारण लोअर_केस_टेबल_नेम्स हे मूल्य विंडोजवर १ आणि लिनक्सवर ० असते. ८.० आवृत्तीपासून ते फक्त सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरवता येते, नंतर नाही. म्हणून टेबलांची नावेही पहिल्या दिवसापासून स्मॉलमध्येच ठेवावीत.

विंडोजवरच काम करायचे आणि चूक तिथेच पकडायची, तर डब्ल्यूएसएलमधल्या, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये प्रकल्प ठेवा. तिथे लिनक्सचेच नियम चालतात. सी ड्राइव्हवर ठेवलात तर हा फायदा मिळत नाही.

पेन ड्राइव्ह आणि ऑफिसचे नेटवर्क

बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह न्यायचा आहे आणि फोल्डरमध्ये कॅपिटल एन चे नोट्स आणि स्मॉल एन चे नोट्स दोन्ही आहेत. फॅट३२ वर दोन्हींना एकच जागा आहे. कॉपी करताना कोणती फाइल उरेल याचा भरवसा नाही. आधी वरची जुळी शोधणारी ओळ चालवा. नावे बदलता येत नसतील तर टार करून, म्हणजे सगळ्यांचा एकच गठ्ठा बांधून, एकच फाइल न्या आणि ती पेन ड्राइव्हवर उघडू नका. फॅट३२ वर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, हेही ध्यानात असू द्या.

एनटीएफएसची बाहेरची डिस्क लिनक्सला लावली तर लिनक्स तिच्यावर दोन्ही नावे तयार करू शकते. पुढे विंडोजवर ती यादीत दोन दिसतात, पण उघडताना गोंधळ होतो.

लिनक्सवरची फोल्डरे विंडोजला दाखवणाऱ्या साम्बाने फोल्डर शेअर केले असेल तर विंडोजच्या बाजूला कॅपिटल-स्मॉलची सूट मिळते. पण त्यासाठी साम्बाला प्रत्येक वेळी सगळी यादी चाळावी लागते. एका फोल्डरमध्ये हजारो फाइल असतील तर ते जाणवण्याइतके मंद होते. सगळी नावे आधी स्मॉल केलीत तर त्या शेअरसाठी केस सेन्सिटिव्ह = ट्रू, डिफॉल्ट केस = लोअर, प्रिझर्व्ह केस = नो आणि शॉर्ट प्रिझर्व्ह केस = नो अशा चार ओळी देता येतात आणि वेग परत येतो. जुनी कॅपिटल नावे शिल्लक असताना या ओळी घातल्या तर त्या फाइल विंडोजवरून उघडणार नाहीत.

लिनक्सलाच सूट द्यायला लावायची असेल तर

विंडोजसाठी लिहिलेले आणि बदलता न येणारे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायचे असेल, तर एक्स्ट४ मध्ये ही सोय आहे. कर्नल ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, ती मिळते. रिकामे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, असे तयार करा:

सुडो एमकेएफएस.एक्स्ट४ -कॅपिटल ओ केसफोल्ड /डेव्ह/पार्टिशनचे नाव

या आज्ञेने त्या पार्टिशनवरचे सगळे पुसले जाते, म्हणून डिस्कांची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके ने नाव दोनदा तपासा. ते माउंट केल्यावर (जोडून वापरात घेतल्यावर) नवे फोल्डर करा आणि सीएचॲटर +कॅपिटल एफ ही खूण त्याला लावा. फोल्डर रिकामेच असले पाहिजे, आत काही असेल तर खूण लागत नाही. नंतर आत केलेल्या फोल्डरांना ती आपोआप मिळते. एलएसॲटर -डी ने खूण दिसते का पाहा. रोजच्या कामासाठी हा मार्ग घेऊ नका. हे फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेले की पुन्हा मूळचे नियम लागू होतात.

मराठीत नावे ठेवत असाल तर

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून ही कटकट संपली असे वाटते. पण बाइटचा नियम तोच राहतो आणि आपल्या लिपीत त्याची दुसरी रूपे दिसतात. सीताबर्डी दीर्घ आणि सिताबर्डी ऱ्हस्व ही दोन नावे, हे तर उघड आहे. '२०२४' मराठी आकड्यांत आणि तेच इंग्रजी आकड्यांत, हीसुद्धा दोन नावे. खरी फसगत होते ती डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या नावांत.

क्लासच्या ऑफिसात 'ॲडमिशन' नावाचे फोल्डर आहे. एका कीबोर्डवर सुरुवातीचे अक्षर एकाच संकेतांकाचे (युनिकोड या सर्व लिप्यांच्या यादीतल्या क्रमांकाचे) येते, दुसऱ्यावर अ आणि वर चंद्र असे दोन संकेतांक येतात. पडद्यावर दोन्ही सारखे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे संकेतांक बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, पहिले ३ बाइटचे, दुसरे ६ बाइटचे. लिनक्स दोन्ही फोल्डरे शेजारी-शेजारी ठेवते, आणि अर्जाचा निम्मा गठ्ठा एकात, निम्मा दुसऱ्यात जातो. ओळखायचे कसे? फोल्डरचे नाव टॅबने पूर्ण करून घ्या आणि त्याचे बाइट मोजा:

एलएस -डी 'ॲडमिशन' | डब्ल्यूसी -सी

दोन्हींचे आकडे ३ ने वेगळे आले तर हीच भानगड आहे. (एलएस ओळीच्या शेवटी १ बाइट जोडते, तो दोन्हीकडे सारखाच असतो.) असेच 'ऱ' चे. एका संकेतांकाचा ऱ आणि र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ दिसायला एकच, बाइट वेगळे. दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा अशा शब्दांत हे येते. जोडाक्षर नीट दिसावे म्हणून टाकलेला अदृश्य जोडचिन्हाचा संकेतांकही ३ बाइट घेतो आणि नाव वेगळे करतो.

यातले ऱ चे प्रकरण युनिकोडच्या नियमांनी एकरूप करता येते. त्यासाठी कॉन्व्हएमव्ही हे साधन घ्या, सी-ओ-एन-व्ही-एम-व्ही:

कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर .

असे चालवले तर ते फक्त बदल दाखवते. खरोखर करायचे असतील तर --नोटेस्ट जोडा. ॲ चे प्रकरण मात्र याने सुटत नाही, कारण युनिकोडने ती दोन रूपे एकमेकांची बरोबरी धरलेली नाहीत. ते हातानेच जुळवावे लागते, आणि ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवर एकच कीबोर्ड मांडणी बसवावी लागते.

लांबीही पाहा. एक्स्ट४ वर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. रोमनमध्ये ती २५५ अक्षरे होतात. देवनागरीत प्रत्येक संकेतांक ३ बाइटचा, म्हणून फक्त ८५, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'विद्यार्थ्यांची' एवढ्या एका शब्दाचे १५ संकेतांक, म्हणजे ४५ बाइट होतात. लांब मराठी मथळा जसाच्या तसा फाइलला दिला की 'नाव फार लांब' असा निरोप येतो तो यामुळे. अशा वेळी तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने इंग्रजी आकड्यांत, आणि पुढे दोन-तीन छोटे शब्द जागेऐवजी आडव्या रेघेने जोडून ठेवा.